काळी झालेली काच

प्रयोगशाळेत तिला सगळे आत्या म्हणत. सख्खा भाचा परदेशी गेला, तेव्हापासून बाहेर अशी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

बावीस वर्षं ती काचा धूत होती. काडेपेटीएवढे तुकडे, त्यांवर सिलिकॉनचा पातळ थर. तो आम्लाला असा खायला घालायचा, की नुसत्या उभ्या तारा उराव्यात. एका केसाचे हजार उभे काप केले तर एकेक जेवढा होईल, तेवढ्या बारीक. तारांच्या त्या रानात ऊन शिरलं की परत फिरत नाही, म्हणून सौरघटांसाठी अशी काच हवी होती. साधली तर ती कोळशासारखी काळी दिसते.

या प्रयोगशाळेतली काच मात्र राखाडीच राही. वाळताना तारा ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटत. जिचं हे संशोधन होतं, ती मुलगी दोन वर्षं डोकं आपटून थकली आणि नोकरी लागताच निघून गेली. सर म्हणाले, "उरलेले तुकडे संपवा, आत्या. मग हा विषय बंद."

त्या दुपारी आत्यानं एक तुकडा आम्लातून काढला, पाण्यात धुतला आणि अल्कोहोलच्या बशीत ठेवला. एरवी तो लगेच उचलून वायूच्या झोतानं वाळवायचा. तेवढ्यात फोन वाजला. हातमोजे काढून ती बाहेर गेली.

"कामात आहेस?" थोरल्या भावाचा आवाज.

"आहे. बोल, दादा."

"अगं, आमचं ठरलं. मुलाकडे जातोय. दोघंही, कायमचे."

"कधी?"

"सतरा तारखेला. घर आवरतोय. माळ्यावर तुझी एक ट्रंक आहे. तिचं काय करू?"

"काय आहे तिच्यात?"

"मला काय माहीत? तुझी ना ती?"

ती हसली. बोलणं पाच मिनिटांत आटोपलं. पण नंतर ती खिडकीशी उभीच राहिली. खाली एक माणूस गाडी पुसत होता. गाडी पुसून तो निघून गेला, तरी आत्या तिथेच होती.

परतली तेव्हा बशीतलं अल्कोहोल आपसूक उडून गेलं होतं. तुकडा कोरडा झाला होता आणि काळाभोर. तिनं तो चिमट्यानं दिव्याखाली धरला, तिरपा केला. कुठेच चमक नाही.

ती धावत सरांच्या खोलीकडे गेली. कुलूप. शेजारच्या खोलीत रिकाम्या खुर्च्या. मग तिनं त्या मुलीला फोन लावला.

"काळी झाली गं! आपली काच!"

"अय्या, हो? छानच की." मागे कुणीतरी तिला बोलावत होतं. "आत्या, आता मीटिंग आहे. नंतर करते हं."

मग राहवेना म्हणून पुन्हा दादाला.

"दादा, काच काळी झाली."

"मग धुऊन काढ," दादा म्हणाला. "एवढं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सरांनी तुकडा मोजून पाहिला. शंभरातले तीन भाग उजेडही परत येत नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली तारा सुट्या, ताठ उभ्या होत्या.

"काय वेगळं केलंत?"

"काही नाही हो. फोन आला होता. अल्कोहोलमध्येच राहिला."

"किती वेळ?"

"पाऊण तास असेल."

सरांनी वहीत लिहिलं: सावकाश वाळवणे. मग मान वर करून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

"हो," ती म्हणाली. मग चिमटा खणात ठेवत, "भाऊ चाललाय. कायमचा, मुलाकडे. मला तीन दिवस रजा हवी."

"आठवडा घ्या. हे काम आता बंद होत नाही. तुम्ही आल्यावरच पुढचं."

रजेआधीच्या दिवसांत तिनं आणखी चार तुकडे केले. तीन काळे झाले, एक बिघडला.

सोळा तारखेला दादाकडच्या गाडीला निघण्याआधी तिनं एका कागदावर सगळी कृती मोठ्या अक्षरांत लिहिली. पाणी किती वेळा, अल्कोहोल किती, बशी कुठे ठेवायची, घाई का करू नये. खाली लिहिलं: 'अडलं तर मला फोन करावा.' कपाटाच्या दारावर कागद चिकटवताना तिच्या लक्षात आलं, हे काम करणारं दुसरं कुणीच इथे नाही. तिनं चारही कोपरे बोटानं दाबून घट्ट बसवले, पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं.