दोन मुरडींचा शंख

रंजना आठ वर्षं पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात साड्यांवर टिकल्या चिकटवत होती. तो कारखाना बंद झाला, तेव्हा कोसाडच्या वसाहतीतली तिची शेजारीण मंदा म्हणाली, "मी झाडलोट करते त्या कॉलेजात एक म्हातारे सर येतात. त्यांना वाळू निवडायला माणूस पाहिजे."

"वाळू? निवडायची?"

"तांदूळ निवडतो तशी. मलाही कळलं नाही. तू जाऊन तर बघ."

सरांचं नाव चेतनभाई, बोलणं गुजराती मिसळलेलं. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पण हजीऱ्याच्या खाडीत शंख-शिंपल्यांच्या किती जाती आहेत त्याची यादी करायचं त्यांचं काम अजून संपलेलं नव्हतं. त्यांनी रंजनापुढे खाडीतल्या रेतीची ताटली, एक भिंग आणि बारीक ब्रश ठेवला. "रेतीत नाना नाना, एकदम बारीक शंख आहे, बेन. जे सारखे ते एका वाटीत."

भिंगातून पाहिलं आणि रंजना थबकली. रेती म्हणून जे दिसत होतं त्यात निम्मे शंख होते. मोहरीएवढे, खसखशीएवढे. कुणाला कंगोरे, कुणाला जाळी, कुणाचं तोंड फुंकणीसारखं. इतकी वर्षं तिने टिकल्या हाताळल्या होत्या, पण त्या सगळ्या एका साच्यातल्या. इथे एकासारखा दुसरा शोधावा लागत होता.

दोन महिन्यांत तिला चाळीसेक जाती नजरेने ओळखता येऊ लागल्या. सरांनी प्रत्येकीला आकडा दिला होता. सतरा नंबर म्हणजे तांदळाच्या कणीएवढा, पांढरा, उभ्या रेघांचा शंख. एके दिवशी सतरा नंबरच्या दोन वाट्या बघून चेतनभाई म्हणाले, "हे बे का केले? एकच तर आहे."

"नाही सर. याच्या तोंडात आत एक मुरड आहे. त्याच्यात दोन. आणि शेंड्यावरचा मणी बघा, याचा थोडा कलता आहे, त्याचा पार आडवा पडलाय."

"बच्चा आणि मोठा, एवढाच फरक असणार. वय वाढलं की मुरड वाढते."

रंजनाला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने काळ्या कागदावर दोन्ही वाट्यांतले शंख लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले. वरच्या ओळीत सगळ्यात लहान शंखालाही एकच मुरड होती आणि सगळ्यात मोठ्यालाही एकच. खालच्या ओळीत पहिल्यापासून दोन.

चेतनभाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ठेवून पाहिला. बराच वेळ गेला. मग उठून त्यांनी कपाटातला तळचा खण ओढला आणि एक पिवळट दगड काढला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्यांना तो पस्तीस वर्षांपूर्वी मिळाला होता. दगडात पांढरी कणी रुतलेली होती.

"आता हे बघ."

रंजनाने भिंग लावलं. उभ्या रेघा. आडवा पडलेला मणी. तोंडाशी दगड थोडा टोकरलेला होता, आत दोन मुरडी.

"हा तर खालच्या ओळीतला," ती म्हणाली.

"हा वीस लाख वर्षांपूर्वीचा. याला नाव मीच दिलं. आणि मीच छापलं की ही जात आता दुनियेत नाही."

"मग आहे ना, सर. ही काय."

"ही खाली खोळी, बेन. रिकामी. जुन्या दगडातून झिजून निघाली असेल, समुद्राने इथे आणून टाकली असेल. जिवंत दिसल्याशिवाय बोलता येणार नाही."

ओहोटी बघून दोघं हजीऱ्याला गेली. मागे कारखान्यांच्या चिमण्या, पुढे मैलभर चिखल. दुपारभर चिखल गाळला, एकही मिळाला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हाही तेच. परतताना चेतनभाई म्हणाले, "माझंच पहिलं खरं असेल. नाही उरली."

रंजनाच्या डोक्यातून मात्र ते जाईना. एवढासा जीव राहत असेल कुठे, खात असेल काय? तिने रेतीच्या जुन्या पिशव्यांवरच्या, जागा लिहिलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या. दोन मुरडींचे शंख जवळजवळ सगळे एकाच पिशवीतले निघाले. तिने त्या पिशवीतली उरलेली रेती ताटलीत पसरली. त्यात राखाडी पापुद्र्यांसारखे तुकडे होते, बाकी कुठल्या पिशवीत इतके नव्हते.

"हे कशाचे, सर?"

"कालवाच्या शिंपल्याचे. दगडाला चिकटतं ना, ते." बोलता बोलता ते थांबले. "आपल्या शंखाच्या घराण्यातले पुष्कळ शंख दुसऱ्याच्या अंगावर जगतात. कालवाच्या काठावर बसून त्याचा रस पितात. आणि आपण चिखल गाळत बसलो."

तिसऱ्या खेपेला दोघं त्या पिशवीच्या चिठ्ठीवरच्या जागी, खाडीच्या तोंडाशी, पडक्या दगडी धक्क्यापाशी गेली. धक्क्याला कालवांचे थर होते. चेतनभाईंना वाकवत नव्हतं. रंजना पदर खोचून गुडघ्यांवर बसली आणि एकेका कालवाची कड भिंगाने तपासू लागली. पाणी परत चढायला लागलं, तेव्हा एका कडेला तिला पांढरी कणी दिसली. ब्रशने उचलून तिने ती खाडीच्या पाण्याच्या वाटीत सोडली.

कणी हलली नाही. दोघं वाटीवर डोकं लावून बसली.

"रिकामीच," चेतनभाई म्हणाले.

"थांबा जरा. आपण त्याला एवढं हलवलं, लगेच कोण बाहेर येईल?"

चहा प्यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. शंखाच्या तोंडाशी दुधी काहीतरी सरकलं. मग कानांसारखी दोन टोकं बाहेर आली, त्यांच्या मधोमध दोन काळे ठिपके.

"डोळे आहेत त्याला," रंजना हळूच म्हणाली. चेतनभाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तो जीव वाटीच्या तळावरून शंख ओढत चालू लागला होता.

त्या संध्याकाळी कापडाच्या लूमवरून आलेला तिचा नवरा भाईदास हातपाय धुता धुता घरच्या अहिराणीत म्हणाला, "आज काही भेटनं का?"

"भेटनं. जित्ता शे."

"खावाना शे का?"

"नही. तांदूळनी कणीएवढा शे. पन डोया शेतस त्याले."

भाईदास टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. "एवढासा? मग त्याले डोया कितला?"

रंजनाने वहीचा कागद फाडला, पेन घेतलं आणि त्याला काढून दाखवायला बसली.