हिरवळीचं पाणी

आमच्या वाळवंटी किनाऱ्यावर ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून प्रवाळाच्या भेगांतून ऑक्टोपस ओढायला मी आईकडून शिकले. त्या सकाळी मात्र हाताला भेगच सापडेना. खडकावर बोटभर लांबीचं शेवाळ माजलं होतं. उपटलं, तर खालचं प्रवाळ राखाडी, मेलेलं.

आठवड्यापूर्वी शेवाळाचा तो डाग परातीएवढा होता, आता अंगणाएवढा झाला होता. माझी झोप उडाली. रोज ओहोटीची वाट बघायची, आणि ओहोटी आली की जायची भीती वाटायची.

शुक्रवारी धाकटा भाऊ करमल्ला कॉफीला आला. खाडीच्या टोकावरच्या हॉटेलात तो माळी होता. सुंठ घातलेली कॉफी ओतता ओतता मी विचारलं, "हिरवळीला पाणी कुठलं देता?"

"हॉटेलचं सांडपाणी. वर खत."

"आणि उरलेलं?"

"कोरड्या ओढ्यात, वादीत सोडतो. मुरतं वाळूत."

"वाळूखालून कुठं जातं, करम?"

त्यानं कप खाली ठेवला. "तुझ्या ऑक्टोपससाठी मी नोकरीवर लाथ मारू? तीन पोरींना काय गवत घालू?"

"गवत तर तूच पिकवतोस."

तो न हसता उठून गेला. पण दुसऱ्या दिवशी ओहोटीला स्वतःहून आला. आम्ही दोघं इथंच पोहायला शिकलो होतो. वादीच्या तोंडाशी शेवाळ सर्वांत दाट होतं. त्यानं मूठभर उपटून हुंगलं. "बागेचाच वास आहे गं," एवढंच म्हणाला.

त्यानं कुणाला न विचारता खत बंद केलं आणि वादीकडचा नळही. पंधरा दिवसांत हिरवळ पिवळी पडली. रोज संध्याकाळी मी दारात उभी राहून त्याची वाट पाहायचे. आज कामावरून काढलं असेल, असंच वाटायचं. शेवटी मॅनेजरनं विचारलं, आणि करमनं खरं ते सांगितलं. त्याला हॉटेलच्या धुलाईखान्यात टाकलं. नव्या माळ्यानं नळ पुन्हा सोडला.

मग मीच गेले. मॅनेजर कैरोचा, तरुण होता. मी म्हटलं, "साहेब, तुमचे पाहुणे गवत बघायला येतात की मासे?"

"बाई, मला काम आहे."

"ओहोटी दोन तासच असते. चला."

तो बूट घालूनच पाण्यात उतरला आणि दहाव्या पावलाला धपकन बसला. भिजलेल्या विजारीनिशी तो तसाच बसून राहिला. चहूकडे हिरवं होतं, एकही मासा नव्हता. मग म्हणाला, "हे हॉटेलसमोरपर्यंत येईल?"

"पुढच्या उन्हाळ्यात," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं, पण भीती खरी होती.

महिनाभरात अर्धी हिरवळ खणून काढली आणि सांडपाणी डोंगरामागच्या खजुरांकडे वळवलं. आमच्या वस्तीनंही शेवाळ खाणारे सिगान मासे वर्षभर धरायचे नाहीत असं ठरवलं. त्यावरून जाळं टाकणारा माझा नवरा आठवडाभर घुम्यासारखा जेवला.

हिवाळ्यात खडकाच्या समुद्राकडच्या बाजूचं शेवाळ विरळ झालं आणि सिगानांचे थवे तिथं चरू लागले. वादीच्या तोंडाशी मात्र प्रवाळ मेलं ते मेलंच. करम अजून चादरी धुतो. परवा त्यानं विचारलं, "तिथं नवं प्रवाळ धरलं का गं?"

"अजून नाही," मी सांगितलं.