शुक्रवारचं धुकं

आमच्या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. नंतर मला टाइपरायटर देण्यात आला.

खोली आमच्या विमानवाहू जहाजाच्या पोटात होती. खिडकी नव्हती. डोक्यावरून विमान उडालं की चहा बशीत यायचा. इतिहासावर सही झाल्याशिवाय मला रजा नव्हती, आणि रविवारी ताईचं लग्न होतं. किनाऱ्यावर जाणारी बोट फक्त शुक्रवारी, सकाळी दहाला.

साठ वर्षांचा इतिहास मी तीन आठवड्यांत संपवला. अडकलो शेवटच्या पानावर. कमांडरसाहेबांचा नियम होता : शेवटच्या पानावर सहीच्याच दिवसाची तारीख हवी. सही ते फक्त सकाळी आठला करत. त्या दिवसाचं पान टाइप होईपर्यंत संध्याकाळ व्हायची. सकाळी साहेब म्हणायचे, "हा तर कालचा इतिहास!"

"मग काय आजचा लिहायचा?" असं मी म्हणालो नाही. माझा खोलीसोबती मेकॅनिक, नटबोल्ट, म्हणाला, "अरे शहाण्या, उद्याचं आजच लिही की!"

गुरुवारी संध्याकाळी मी लिहिलं : "शुक्रवार. दाट धुकं. उड्डाण नाही. सर्व जण जहाजावर हजर." शेवटचं वाक्य मी रोजच ठोकायचो. हाताला सवय.

सकाळी आठला साहेबांनी तारीख पाहिली, खूश होऊन सही केली आणि मग पान वाचलं. बाहेर आभाळ धुतल्यासारखं लख्ख होतं. त्यांनी वैमानिकांना विमानांतून खाली उतरवलं.

"पण साहेब, धुकं कुठंय?" एका वैमानिकानं विचारलं.

"सहीच्या वर."

मी बॅग उचलून बोटीकडे निघालो.

"कुठे निघालास?" साहेबांनी विचारलं.

"ताईचं लग्न, साहेब. सही झाली ना?"

"शेवटचं वाक्य वाच."

मी वाचलं. साहेबांनी मोठ्यांदा वाचायला लावलं.

"माझी सही आहे त्याखाली," साहेब हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत असावं. त्यांचीही रजा होती.

नटबोल्ट कुजबुजला, "गाढवा, निदान स्वतःला तरी वगळायचंस!"

दहाला बोट सुटली. बोटवाला आमच्या स्क्वाड्रनचा नव्हता, त्याला इतिहास लागू नव्हता. तो हात हलवत लांब, अगदी किनाऱ्यापर्यंत स्पष्ट दिसत राहिला.

"काय धुकं आहे रे!" नटबोल्ट म्हणाला.