रागुदोचा चढ

मोनलेओनने कागदात गुंडाळलेला पाव सरळ इंजिनाच्या केबिनमधल्या पडद्याला टेकवून ठेवला आणि हातमोजे काढले.

"तिथं नको," ओल्गा सिफ्रे म्हणाली. "तिथं मोटरींचे आकडे दिसतात."

"कुणाला?"

तिने उत्तर न देता पाव उचलून खिडकीपाशी सरकवला आणि पुन्हा मांडीवरच्या संगणकात डोकं घातलं. ती इंजिन बनवणाऱ्या कारखान्याची इंजिनियर होती. सागुंतो स्थानक सोडल्यापासून तिने एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं. एकोणतीस वर्षं याच मार्गावर मालगाड्या चालवणाऱ्या मोनलेओनला तिच्याविषयी काय वाटतं, हे त्याने लपवलं नव्हतं. तिच्या बुटांवर ऑइलचा एक डागही नव्हता. त्याला तेवढं पुरेसं होतं.

इंजिन नवं होतं, चार हजार अश्वशक्तीचं. मागे पोलादी पत्र्यांच्या गुंडाळ्यांनी भरलेल्या वाघिणी, सगळं मिळून हजार टन. इतकं वजन रागुदोच्या चढावरून वर न्यायला आजवर दोन जुनी इंजिनं लागत आणि दोन ड्रायव्हर. आज या एकट्याने ते नेलं, तर कंपनी दुसरं इंजिन बंद करणार होती आणि सात ड्रायव्हरांना घरी पाठवणार होती. मोनलेओन त्या सातांत नव्हता. त्याची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. गमावण्यासारखं काही नसलेला माणूस म्हणून चाचणीसाठी आपल्याला निवडलं, असं तो धरून चालला होता.

त्या सातांतला एक, चिमो, सकाळी उपाहारगृहात त्याच्यासमोर येऊन बसला होता.

"कौदिएल स्थानकाच्या पुढे, चढावरच्या खिंडीत रूळ ओले असणार," चिमो म्हणाला. "धुकं आहे, त्यात रुळांवर पाइनच्या झाडांच्या सुया पडल्यात. तुझा हात जरा सैल सुटला तर कोण विचारणार आहे?"

"गाडी अडकवू म्हणतोस?"

"एकदाच. आमच्यासाठी."

"त्या चढावर माझी गाडी कधी अडकलेली नाही. तुझी तीनदा अडकली."

चिमोने ऑलिव्हची बी बशीत टाकली.

"तुला विचारलं, हेच चुकलं," तो म्हणाला.

मोनलेओनला त्याची कीव आली नाही. नोकरी वाचवायची, तीही दुसऱ्याच्या हाताने, हे त्याला ओंगळ वाटलं. कॉफी अर्धी टाकून तो उठला होता.

कौदिएल मागे पडलं आणि चढ सुरू झाला. इंजिनाचा आवाज भरदार झाला, वेग उतरू लागला.

"चाकांची घसरण यंत्रणा स्वतःच सांभाळते," ओल्गा मान वर न करता म्हणाली. "चाक निसटायच्या आत सावरते. तुम्ही फक्त हँडल पुढे ठेवा."

"मग मला कशाला आणलंत, बाई?"

"कायद्याने माणूस लागतो."

खिंडीत धुकं काचेला चिकटलं. सुयांचा चिखल होऊन रुळांवर साबणासारखा पसरला होता. मोनलेओनला ते आधी पाठीत जाणवलं. घोडा लंगडावा तसं काहीतरी. मग पडद्यावर सहा उभ्या पट्ट्यांपैकी चौथी पिवळी होऊन खाली गेली. चाकांच्या सहा जोड्यांना सहा मोटरी, आणि त्यातली एक बंद पडली होती. चाचणीचा नियम साधा होता: एक जरी मोटर बंद पडली, तरी गाडी थांबवायची, चाचणी फसली असं लिहायचं.

त्याने ओल्गाकडे पाहिलं. ती संगणकात होती.

आता ब्रेक लावणं एवढंच उरलं होतं. त्यात लबाडी नव्हती. सात माणसं कामावर राहिली असती आणि त्याला कुणी बोट लावलं नसतं. पण खिंडीत उभे राहिलेले हजार टन त्याला दिसले, खालून मदतीला येणारं दुसरं इंजिन दिसलं. त्यातून उतरून चिमो म्हणणार होता, शेवटी अडकलीच ना.

त्याने हँडल केसभर मागे घेतलं. चाकांना पकड यावी म्हणून रुळांवर वाळू सोडली. थांबला. पुन्हा केसभर पुढे. वेग चौदा झाला, मग अकरा, मग नऊ. मनगट आखडलं तरी त्याने हात बदलला नाही. वीस मिनिटांनी खिंडीच्या कडा खाली गेल्या, सपाट माळ लागला आणि चौथी पट्टी आपसूक हिरवी झाली.

बाराकासच्या स्थानकात गाडी उभी केल्यावर त्याचा फोन वाजला.

"चढवलीस म्हणे," चिमो म्हणाला.

"हो."

"बरं झालं. बायकोला सांगतो, तिला अभिमान वाटेल तुझा." आणि फोन बंद झाला.

ओल्गाने एक कागद पुढे केला. "चाचणी यशस्वी. इथे सही करा."

"आणि चौथी मोटर?" मोनलेओन म्हणाला. ही संधी तो सोडणार नव्हता. "तुमच्या संगणकाला दिसली नाही वाटतं."

"दिसली. तुमच्या आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडी थांबवणं ड्रायव्हरचं काम. मला चाचणी पार पडायला हवी होती."

"मी थांबवली असती तर?"

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. भंगारात काढायच्या भागाकडे पाहावं तसं, घाई न करता.

"तुम्ही? मी डेपोत विचारलं होतं, असा कोण आहे जो काही झालं तरी थांबणार नाही. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. म्हणून तर तुम्हाला मागून घेतलं."

खाली फलाटावर कुणीतरी हातगाडी ओढत चाललं होतं.

"आणि हे बोलून उपयोग नाही," ती समजावल्यासारखं म्हणाली. "मोटर आता ठीक आहे. नियम तुम्ही मोडलात, मी नाही. दोनच महिने राहिलेत ना तुमचे?"

त्याने चष्मा लावला आणि कागद मांडीवर घेतला. सहीच्या वर शेऱ्यासाठी दोन ओळी कोऱ्या होत्या.

"मोटर कितव्या किलोमीटरला गेली?" त्याने विचारलं.

ओल्गाने संगणक मिटला.

"राहू द्या," तो म्हणाला. त्याने आठवून किलोमीटरचा आकडा स्वतःच लिहिला, मोटरीचा क्रमांक लिहिला. हात अजून आखडलेला होता, अक्षर वाकडं आलं. दुसऱ्या ओळीपाशी तो जरा थांबला. मग लिहिलं: ड्रायव्हरला कळलं होतं, तरी त्याने गाडी थांबवली नाही.

आणि सही केली.