गाडीचा मूळ रंग

शर्यतीच्या जुन्या गाडीचा विटलेला रंग मित्रांनी उत्साहाने पार पत्र्यापर्यंत खरवडला, आणि मग मूळ रंगावरून त्यांची जुंपली. मेकॅनिक म्हणे लाल, टायरवाला म्हणे नारिंगी.

"अरे, चालवायचास तू. तूच सांग!"

"मी आत बसायचो रे. बाहेरून कधी पाहिली?" चालक म्हणाला.

शेवटी त्याने ताईला फोन लावला. पूर्वी ती प्रत्येक शर्यतीला वळणावर उभी असायची. त्याच्या अपघातानंतर मात्र ती कधी फिरकली नव्हती. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीला तिने यावे, एवढीच त्याची इच्छा होती. पण विचारायची हिंमत होत नव्हती.

"रंग कोण बघतंय? तू वळणातून धड बाहेर येतोस का, तेवढंच बघायचे मी."

"मग आता कुठला देऊ?" त्याने विचारले.

"पिवळा दे," ताई म्हणाली. "लांबून दिसेल मला."