देव चालव

आमचा हुतूतूचा संघ म्हणजे खरं सांगायचं तर एक चिमी आणि बाकी आम्ही खोगीरभरती. कॅप्टन मी, मंदा. म्हणजे ओरडायचं काम माझं. वडील तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होते, म्हणून आम्ही साताऱ्याकडून बोईसरला आलेलो. चिमी डोंगराकडची, मावशीकडे राहून शिकायची. वर्गात ती तोंड उघडायची नाही, कारण तिनं 'हाय-नाय' केलं की मुली फिदीफिदी हसायच्या. मैदानावर मात्र तिला हसायची कुणाची छाती नव्हती.

आणि नेमकी तीच संस्कृतात नापास! सोमवारी पालघरला सामने, आणि नापास मुलीला खेळायची परवानगी नाही असा शाळेचा नियम. संस्कृतच्या शैलाबाईंनी एवढंच कबूल केलं, की शनिवारी चिमीनं 'देव' हा शब्द सगळ्या विभक्त्यांत तोंडी चालवून दाखवला तर तिला पाठवू.

"माझ्याच्यानं नाय व्हायचं," चिमी म्हणाली. "तुमी जा."

"गप गं! तुझ्याशिवाय काय तिथे झिम्मा खेळायला जाऊ?" मी कडाडले. तिचे डोळे भरून आले. तिला पालघरला यायचं होतं, फार यायचं होतं. मला ते कळत होतं, म्हणूनच राग येत होता.

त्या संध्याकाळी सरावाला मी फर्मान सोडलं: चिमीचं 'हुतूतू' बंद. चढाई करायची ती 'देवः देवौ देवाः' म्हणत. पहिल्या दिवशी ती तृतीयेतच पकडली गेली. शुक्रवारपर्यंत मात्र सप्तमी घुमवत आम्हाला बाद करून परतायला लागली. मी तर हवेतच होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर चिमी बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. मी दारात.

"हं, देव चालव," बाई म्हणाल्या.

चिमी 'देवः' म्हणाली आणि गप्प झाली. मान खाली, हात एकमेकांत घट्ट. बाईंनी पुस्तक मिटलं.

"बाई, ती एका जागी उभी आहे, मग देव चालणार कसा?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"मंदा, आगाऊपणा पुरे."

"आगाऊपणा नाही बाई, खरंच. तिला रेघ लागते." त्या पुढे काही बोलायच्या आत मी खडू उचलला आणि फरशीवर आडवी रेघ मारली. आता दोघींनाही शाळेतून काढणार, असंच मला वाटलं.

बाई रेघेकडे बघत राहिल्या. मग खुर्ची सारून रेघेपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. "ये," म्हणाल्या.

चिमीनं जमिनीला हात लावून नमस्कार केला, दम भरला आणि घुसली. "देवः देवौ देवाः, देवम् देवौ देवान्..." बाई नकळत मागे सरल्या. कुणीही सरेल हो, चिमी अंगावर आली की! पंचमी झाली, षष्ठी झाली, आणि ही बया गर्रकन वळून रेघेच्या अलीकडे परत!

"अगं, आणि सप्तमी?" बाईंनी विचारलं.

"दम सरत आला व्हता, बाई. तिथंच राहिले असते तर बाद झाले असते," चिमी धापा टाकत म्हणाली. "सप्तमी दुसऱ्या चढाईला."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग कर दुसरी चढाई," बाई म्हणाल्या.

"देवे देवयोः देवेषु, हे देव, हे देवौ, हे देवाः!" शेवटच्या शब्दाला चिमीची बोटं बाईंच्या मनगटाला लागली आणि उडी मारून ती अलीकडे आली. आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण साक्षात बाईंना शिवलो. तिचा चेहरा पांढरा पडला. "चुकले, बाई."

बाईंनी टेबलावरचं पुस्तक घेतलं, वर्गाबाहेर गेल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसल्या, बाद झालेला गडी बसतो तशा.

"चुकलं काय त्यात?" तिथूनच त्या म्हणाल्या. "मी बाद आहे. सोमवारी वेळेवर या दोघी."