मोहरीएवढा अस्सलपणा

हेमराज पाटलाला अख्खं सुरत ओळखायचं असं काही नाही. पण ज्याला दुसऱ्याच्या साडीची डिझाइन उचलायची असेल, त्याला पांडेसऱ्यात हेमराजच्या छपाईच्या कारखान्याचा दरवाजा न विचारता सापडायचा. कलकत्त्याची एखादी साडी बाजारात नावाजली रे नावाजली, की चार दिवसांत तिची जुळी बहीण हेमराजच्या टेबलांवर वाळत पडलेली असायची. किनार तीच, वेल तीच, मोर तोच. मोराची मान तेवढी थोडी आखूड, कारण हेमराजकडचे स्क्रीन तेवढ्याच मापाचे.

स्वतःच्या अंगावर मात्र हा माणूस ओरिजिनलशिवाय काही चढू द्यायचा नाही. घड्याळ ओरिजिनल, चष्मा ओरिजिनल, पायातली चप्पलसुद्धा खोक्यावरचा शिक्का बघून घेतलेली. "नकली मालाचा मला लांबून वास येतो," असं तो छाती पुढे काढून सांगायचा. दिवसभर त्याच वासात बसणाऱ्या माणसाला तो वेगळा येतो तरी कसा, हे विचारण्याची छाती घरात एका त्याच्या बायकोची, उषाबाईची होती, आणि ती माउली दर आठवड्याला विचारायची.

हेमराजचं दुखणं वेगळंच होतं. खानदेशातून आला तेव्हा तो टेबलावर रंग ओढणारा कामगार होता आणि सगळे त्याला 'भाऊ' म्हणायचे. आता कारखाना त्याचा, भेस्तानला दोन मजली बंगला त्याचा, पण बाजारात पाय ठेवला की हाक तीच. "ओ भाऊ, जरा बाजूला." शेजारच्या गाळ्यात कालपरवा बसलेलं मिसरूड न फुटलेलं पोरगं मात्र 'शेठ'. 'भाऊ' या शब्दात तसं वाईट काय आहे? काही नाही. पण सुरतेत तो हमालालाही म्हणतात, आणि हेमराजला ते ऐकताना पाठीवर गठ्ठा आल्यासारखं वाटायचं.

शेठ व्हायचा रस्ता त्याला नगीनभाईंच्या फार्महाउसवर दिसला. नगीनभाई जरीवाले मोठी असामी. त्यांची जरी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती, प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची होती. पण ती विकून बांधलेलं डुमस रोडवरचं फार्महाउस खरोखरच्या संगमरवराचं होतं. तिथे जुन्या गाड्यांचा क्लब भरायचा. क्लबात शिरलेल्याला सगळे शेठ म्हणायचे आणि हेमराजनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. अट एकच. गाडी जुनी पाहिजे, आणि चाकाच्या नटापासून आरशापर्यंत अस्सल पाहिजे.

नवसारीच्या पेरीनबाई नावाच्या पारशी म्हातारीकडून हेमराजनं गाडी मिळवली. लाल रंगाची, बसक्या ठेवणीची, दोनच सीटांची इंग्लिश स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाय, मग कंबर आणि सगळ्यात शेवटी लाज आत घ्यावी लागायची. उषाबाईनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "आवो सोनालीना बाप, सोनालीले कोठे बसाडशात? डिक्कीमा?"

गाडीला एकच उणं होतं. कंपनीनं दिलेली आठ आऱ्यांची अलॉयची चाकं कधीच हरवली होती आणि त्यांच्या जागी कुठलीतरी लोखंडी चाकं बसवलेली होती. हेमराजनं उषाबाईच्या माहेरच्या सुकलालला बोलावलं. सुकलालची उधन्याला अॅल्युमिनियम ओतायची भट्टी होती. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाव्हना, आठ आऱ्यासनं चाक ना? मी बनाडी देसू. फर्मा पडेलच शे मनाकडे."

"नक्कल?" हेमराजचं नाक वर गेलं. "सुकलाल, ही साडी नाही. गाडी आहे."

"बरं," म्हणून सुकलाल चहा पिऊन गेला.

पेरीनबाईंचा भाऊ विलायतेत होता. त्याच्या हातापाया पडून हेमराजनं तिकडच्या तसल्याच गाडीवरून उतरवलेली चार चाकं बोटीनं मागवली. पेट्या फुटल्या तेव्हा त्याचा जीव थोडा खट्टू झाला, कारण चाकं काळवंडलेली होती, कुठे कुठे देवीचे व्रण पडल्यासारखी टोचलेली. पण मागच्या बाजूला कंपनीचं नाव ओतलेलं होतं, अगदी इंग्रजी अक्षरांत. हेमराजनं त्यावरून बोट फिरवलं आणि त्याला भरून आलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या डिझाइनवरून बोट फिरवणाऱ्या माणसाला अस्सलाचा स्पर्श म्हणजे काय होतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तपासणीच्या दिवशी नगीनभाई पांढऱ्या पायजम्यात गाडीजवळ आले. बॉनेट उघडलं, मान हलवली. आरसा पाहिला, मान हलवली. मग गुडघ्यावर बसून त्यांनी चाकाच्या मध्याजवळ, एका आऱ्याच्या मुळाशी, बोट घातलं. दुसऱ्या आऱ्याशी घातलं. आठही आरे झाले. मान हलायची थांबली.

"भाऊ, दाणो क्यां छे?"

"कसला दाणा?"

नगीनभाईंनी त्याला हाताला धरून स्वतःच्या गाडीकडे नेलं. तिलाही तसलीच आठ आऱ्यांची चाकं, पण चांदीच्या ताटासारखी लखलखीत. एका आऱ्याच्या मुळाशी मोहरीएवढा फुगवटा होता. शेजारच्या चाकालाही, त्याच जागी. पलीकडच्या शेठच्या गाडीलाही.

"आ असलीनी निशाणी," नगीनभाईंचा आवाज आरतीच्या वेळेसारखा हळू झाला. "विलायतेतला कारागीर प्रत्येक चाकावर हा दाणा सोडायचा. सही समजा त्याची. नकलवाल्यांना हे माहीत नसतं, ते गुळगुळीत चाक काढतात. तुम्हाला कोणीतरी टोपी घातली, भाऊ."

"पण नगीनभाई, मागं बघा, कंपनीचं नाव आहे!"

"नाव?" नगीनभाई हसले आणि आजूबाजूचे शेठही हसले. "नाव छापणं तर सगळ्यात सोपं. तुम्ही नाही का छापत साड्यांवर?"

हेमराज गाडी घेऊन निघाला तो थेट उधन्याला. सुकलाल भट्टीपुढे बसून भाकरी खात होता. हेमराजनं उभ्या उभ्या सगळी हकीगत सांगितली. 'दाणा' शब्द आला तसा सुकलालच्या घशात घास अडकला. तो पाणी प्याला, ठसकला, आणि मग इतका हसला की डोळ्यांना गमछा लावावा लागला. उठून आतून त्यानं एक लाकडी फर्मा आणला, चाकाच्या आकाराचा; हाच वाळूत दाबून तो चाकाचा साचा पाडायचा. एका आऱ्याच्या मुळाशी लाकूड तडकलं होतं आणि तिथे स्क्रू मारलेला होता. स्क्रूचं डोकं वर राहिलेलं, मोहरीएवढं.

"हाऊ दखा तुम्हना इलायती कारागीर," सुकलाल म्हणाला. "घासना कटाळा उना माले. मुंबईना दलाल यी जास, माल ली जास. कोले इकस, मी इचारत नही."

हेमराजला एकदम आठवलं. एका बंगाली साडीची नक्कल काढताना नमुन्यावर पडलेला हळदीचा डाग त्याच्या ट्रेसरनं इमानेइतबारे उतरवला होता, आणि पुढे दोन हंगाम बाजारातून मागणी यायची, "ती पिवळ्या ठिपक्याची द्या, बिनठिपक्याची नकली आहे." तेव्हा तो पोट धरून हसला होता. आज त्याला हसू येईना. तो वाळूच्या ढिगावर बसून राहिला.

"मंग? जा ना, सांगा त्यासले," सुकलाल म्हणाला. "फर्मा ली जा सोबत."

सांगता आलं असतं. फर्मा नगीनभाईंच्या संगमरवरावर आपटला असता तर अर्धा क्लब तिथल्या तिथे भुईसपाट झाला असता. पण हेमराज धंद्यातला माणूस. क्लबच बुडाला तर शिरायचं कुठे? सगळेच नकली ठरले तर त्याला शेठ म्हणायला अस्सल तोंड कुणाचं उरलं असतं?

दोन दिवस तो धड जेवला नाही. भेस्तानच्या मंदिरात तेव्हा सप्ताह बसला होता. उषाबाईनं त्याला ओढूनच कीर्तनाला नेलं. काय सुंदर कीर्तन रंगलं होतं! छपाईच्या आणि लूमच्या पाळ्या सुटून आलेली माणसं, हाताला रंगाचे डाग, कानात अजून मशिनींचा खडखडाट, आणि टाळाचा पहिला ठोका पडला की चेहरे धुतल्यासारखे. महाराजांचा गळा असा की वरच्या सुरात गेले की पोरं चाळवायची थांबायची. उषाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हेमराज पहिल्या रांगेत बसला होता आणि मनात चाकं मोजत होता.

महाराजांनी मृदंग थांबवला. "बाबांनो, तुम्ही रथ सजवता, फुलं लावता, चाकांना रंग देता. द्या. पण देव काय चाकं बघतो? देव बघतो, आत कोण बसलंय, आणि ते कसं बसलंय!"

सगळ्या मांडवानं मान खाली घातली. एकट्या हेमराजची वर आली. देव चाकं बघत नाही! एवढ्या मोठ्या निरूपणातून त्यानं नेमकं अर्धं वाक्य उचललं, जसं साडीवरून किनार तेवढी उचलावी, आणि उरलेलं महाराजांना परत केलं. गजर सुरू झाला तेव्हा तो इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागला की उषाबाईला वाटलं, पावला बाई एकदाचा विठ्ठल या माणसाला.

सकाळी तो सुकलालच्या दारात हजर. "चार चाकं ओत."

सुकलालनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "नकली?"

"तू ओत रे. आणि ऐक, तो दाणा जरा ठळक येऊ दे."

सुकलालनं स्क्रू अर्धा आटा बाहेर काढला.

दुसऱ्या तपासणीला नगीनभाईंचं बोट आऱ्याच्या मुळाशी गेलं आणि तिथेच थबकलं. त्यांनी चष्मा लावला. बाकीच्यांना हाक मारली. "जुओ, जुओ! केवढा स्वच्छ दाणा! हा अगदी पहिल्या ओतकामातला माल. पुढे पुढे कारागीर म्हातारा झाला, दाणा बारीक पडायला लागला. माझ्याकडे नंतरचे आहेत." आवाजात किंचित जळफळाट होता. मग त्यांनी हेमराजच्या खांद्यावर हात टाकला. "आवो, हेमराजशेठ."

हेमराजला ते शब्द कानात नाही, थेट पोटात ऐकू आले.

"आणि ती आधीची?" नगीनभाईंनी विचारलं. "फेकून देऊ नका. एक आम्हाला द्या. दारात टांगू. नव्या माणसाला कळायला नको, नकली कसं असतं ते?"

विलायतेहून बोटीनं आलेलं, मागे नाव असलेलं ते चाक. पण शेठ होऊन त्याला जेमतेम दहा मिनिटं झाली होती, आणि एवढ्यात भाऊ होणं त्याच्या जिवावर आलं. "एक कशाला," तो म्हणाला, "चारही घ्या."

क्लबचा मोठा मेळावा भरला तेव्हा सगळे सहकुटुंब आले होते. उषाबाई नऊवारी नेसून आली, तिच्या हातात थंडगार कोकोचा ग्लास दिला गेला. फार्महाउसच्या दारातच भिंतीवर ते चाक टांगलेलं होतं, खाली मोठ्या अक्षरांत पाटी: 'नकलीपासून सावधान'. उषाबाई थबकली. हे चाक बोटीनं आलं त्या दिवशी नवऱ्यानं रात्री उशाजवळ ठेवलं होतं, ते तिनं पाहिलं होतं. सुकलालच्या भट्टीतून टेम्पो आला तोही तिनंच उतरवून घेतला होता.

"आवो सोनालीना बाप," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हाई तं खरं चाक शे! नि सुकलालभाऊनी भट्टीना चाकं तुम्हीन गाडीले लायात?"

नगीनभाईंनी कुतूहलानं मान वळवली. "शुं कह्युं भाभीए?"

हेमराज नक्कल करणारा माणूस, मूळ कितीही अवघड असो, त्याला किनार बदलून देता यायची. "ती म्हणते," तो गुजरातीत म्हणाला, "चांगलं केलंत टांगलंत ते. लोक फसायचे वाचतील."

"वाह, भाभी समजदार छे!"

पण उषाबाई सोळा वर्षं भेस्तानच्या भाजीवाल्यांशी गुजरातीत भांडत आली होती, हे हेमराजशेठ विसरले होते. तिनं कोकोचा ग्लास खाली ठेवला. "ना, नगीनभाई," ती स्वच्छ गुजरातीत म्हणाली. "में एम कह्युं के साचुं पैडुं भींत पर छे, ने खोटां गाडीमां."

हेमराजच्या डोळ्यांपुढे 'भाऊ, जरा बाजूला' नाचू लागलं. आणि मग नगीनभाई हसले. आधी ते, मग त्यांच्या मागे एकेक शेठ, अगदी पोट धरधरून. "भाभी मजाक बहु सारी करे छे!" कुणीतरी तिला कोकोचा दुसरा ग्लास दिला. हेमराज सगळ्यांत मोठ्यानं हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की त्याला खोटं बोलण्याची गरजच नव्हती, खरं इथे कुणाला ऐकूच येत नव्हतं. याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला हायसं वाटलं.

फोटोवाला आला. चाकाखाली उभे राहा म्हणाला. नगीनभाई आणि हेमराज खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"भाभी, तुमेय आवो."

"माले नही काढना फोटू," उषाबाई म्हणाली आणि पदर सावरून चौकटीच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. "हां, हेमराजशेठ, थोडुं हसो."

आणि हेमराजशेठ हसले.